तात्यांच्या पायावर माझा अभ्यास

नर्सिंगच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात अंथरूण घालायला शिकवतात. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, सुरकुती का राहू द्यायची नाही, पेशंट खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची. मी हे दोनदा शिकले. एकदा एएनएम या दोन वर्षांच्या छोट्या कोर्सला आणि त्यानंतर बारामतीला जीएनएम या तीन वर्षांच्या मोठ्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा परत पहिल्यापासून.

आमचं इंदापुरात गाद्यांचं दुकान आहे. अब्बांचा जन्म कापूस पिंजण्यात गेला. पहिल्या दिवशी काय शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा दाभणात दोरा ओवता ओवता ते थांबले.

"पहिल्या कोर्सातबी गादी, आन् आता परत गादी? एवढ्या लांब जाऊन? अगं, दुकानात बस की माझ्याजवळ."

मी त्यांना चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून दाखवला. त्यांनी तो उलगडला, परत स्वतः दुमडला आणि म्हणाले, "तुमच्या मॅडमला सांग, गादीच बसकी असली तर कोपरा काय करणार?" ही गोष्ट मी मॅडमना कधीच सांगितली नाही.

एएनएम झाल्या झाल्या मला इंदापुरातच बारा खाटांच्या एका छोट्या दवाखान्यात नोकरी लागली होती. जीएनएमला नंबर लागला तेव्हा ती सोडायची की ठेवायची असा प्रश्न आला. कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी हमीपत्र लिहून घेतलं होतं, त्यात 'शिक्षण चालू असताना कुठेही नोकरी करणार नाही' अशी एक ओळ होती. मी सही केली. नोकरीही सोडली नाही. आमच्या डॉक्टरांना सांगितलं की संध्याकाळी सहा ते नऊ येईन आणि रविवारी पूर्ण दिवस. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. "झोपणार कधी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"एसटीत," मी म्हणाले. मला वाटलं मी विनोद केला.

बारामती ते इंदापूर सव्वा तास. कॉलेज चारला सुटायचं. सव्वाचारची गाडी मिळाली की काटेवाडी येईपर्यंत माझी मान खिडकीला टेकलेली असायची. कंडक्टर ओळखीचे झाले होते. ते निमगाव केतकीला हाक मारायचे, "सिस्टर, उठा, तोंड पुसून घ्या." एकदा मात्र सोलापूर गाडी होती आणि कंडक्टर नवा. जाग आली तेव्हा बाहेर लांबपर्यंत पाणीच पाणी दिसत होतं. इंदापूर मागं पडून आम्ही भीमेच्या पुलावर होतो. कंडक्टर म्हणाला, "तुमचं तिकीट इंदापूरपर्यंतचं हाय," जणू चूक तिकिटाची होती. पुढं उतरून उलट्या गाडीनं आले तेव्हा दवाखान्यात ओपीडी संपत आली होती आणि बाकावर एकच पेशंट उरला होता. डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून, पटका मांडीवर घेऊन बसलेले तात्या.

तात्या निमगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. वय सत्तरीच्या आसपास. तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. पुढं मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली आणि बागेबरोबर शुगर आली असं ते सांगायचे. पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती, भरता भरत नव्हती. दिवसाआड ड्रेसिंगला मुलगा मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि बाजारातली कामं उरकून न्यायला यायचा. त्यांचं ड्रेसिंग मी करायचे.

त्या दिवशी मी धापा टाकत आले तर ते म्हणाले, "दुसरी सिस्टर म्हनली करते. मी म्हनलं न्हाय. माझ्या पायाला तुझी सवय झालीया."

सवय झाली होती हे खरं, पण कौतुकानं बोलावं असं त्यात काही नव्हतं. पहिल्यांदा त्यांचं ड्रेसिंग केलं तेव्हा मी पट्टी इतकी घट्ट बांधली की अर्ध्या वाटेवरून ते परत आले. दुसऱ्यांदा इतकी सैल की ती मोटारसायकलच्या मागं झेंड्यासारखी फडफडत वस्तीवर गेली. तिसऱ्यांदा नीट झाली. तेव्हा त्यांनी मला दोन डाळिंबं आणून दिली आणि "आता जमाया लागलं तुला," असं सगळ्या पेशंटसमोर सांगितलं.

अभ्यासाला वेळ कुठला? घरी पोचले की जेवायचं आणि पडायचं. मग मी तात्यांचं ड्रेसिंग सोडायच्या वेळी पुस्तक उघडं ठेवायला लागले. पट्टी चिकटलेली असायची, सलाइनच्या पाण्यानं भिजवून ती सुटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागायचं. तेवढ्यात मी मोठ्यानं वाचायचे. पुस्तक इंग्रजीत आणि मी मराठी शाळेतली. सुरुवातीला मी नुसती घोकायचे. तात्यांना ते चाललं नाही.

"म्हंजी काय?"

"तात्या, मला परीक्षेला आहे ते."

"व्हय, पन म्हंजी काय?"

सांगितल्याशिवाय ते पाय हलवू द्यायचे नाहीत. मग मला ते वाक्य आधी स्वतःला कळवून घ्यावं लागायचं, मग मराठीत आणावं लागायचं, आणि तेही त्यांच्या मराठीत. निर्जंतुक म्हणजे काय यावर आमचे तीन दिवस गेले. स्वच्छ वेगळं आणि निर्जंतुक वेगळं, हे त्यांना पटेना. शेवटी मी म्हणाले, "तात्या, तुमचा पटका धुतलेला आहे ना? तो स्वच्छ. पण तो मी तुमच्या जखमेवर ठेवू का?"

"माझा पटका? पायाला?" ते एवढे दचकले की मुद्दा तिथंच पक्का झाला.

एकदा मी साइन आणि सिम्प्टममधला फरक वाचत होते. साइन म्हणजे जे आपल्याला बघून, मोजून कळतं, ताप, सूज, नाडी. सिम्प्टम म्हणजे जे पेशंट स्वतः सांगतो, दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय. तात्यांनी मला हातानं थांबवलं.

"म्हंजी मेंढराला सिम्टम नसत्यात," ते म्हणाले. "नुसत्या साइनी असत्यात. बोलतंय कुठं त्ये?"

मी पुस्तक मिटलं. आमच्या वर्गात हे वाक्य चाळीस मुलींनी पाठ केलं होतं, आणि एवढं नीट कुणाला सांगता आलं नसतं.

इकडं कॉलेजात मी पहिल्या बाकावर झोपायचे. मागच्या बाकावर झोपलेलं लगेच दिसतं, पहिल्या बाकावर कुणाची नजर जात नाही असा माझा अनुभव होता. तो चुकीचा होता. आमच्या वर्गशिक्षिका मॅडम कडक होत्या, पण मायेच्या. एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाल्या, "रक्त कमी दिसतंय तुझं. म्हणून डोळा लागतो." लोहाच्या गोळ्या त्यांनी स्वतः आणून दिल्या. दर सोमवारी विचारायच्या, "घेतलीस?" मी घ्यायचे. काय करणार? नोकरी करते म्हणून सांगता येत नव्हतं. तीन महिने मी गोळ्या खाल्ल्या. झोप काही कमी झाली नाही. मॅडम काळजीत पडल्या आणि थायरॉइड तपासायला हवं म्हणायला लागल्या.

माझ्या शेजारी सुप्याची एक मुलगी बसायची. पुस्तकातलं पान सांगितलं तर ओळ सांगेल अशी तिची पाठांतराची ताकद. पण परीक्षक समोर आला की तिला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही. माझ्या नोकरीचं गुपित फक्त तिला माहीत होतं. मला जांभई आली की ती बाकाखालून चिमटा काढायची. वर्षभर माझा उजवा दंड हिरवानिळा होता.

वर्ष संपत आलं. प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख लागली. बारामतीच्या मोठ्या रुग्णालयात वॉर्डातल्या खऱ्या पेशंटवर ती होणार होती. कुणाला कुठला पेशंट हे चिठ्ठी टाकून ठरायचं आणि बाहेरून परीक्षक येणार होत्या.

याच सुमारास आमचे डॉक्टर तात्यांच्या मागं लागले होते. जखम स्वच्छ झाली होती, पण मोठी होती. बारामतीला अॅडमिट होऊन त्यावर मांडीची पातळ कातडी लावून घ्या, म्हणजे लवकर भरेल, असं ते दोन महिने सांगत होते. तात्या ऐकत नव्हते. मुलगा विनवून थकला, सून बोलून थकली, पणदऱ्याला दिलेली लेक येऊन रडून गेली. तात्यांचं एकच उत्तर, "बागंला पानी कोन देनार?" मुलगाच देत होता, पण ते सोडा.

एका संध्याकाळी पट्टी भिजवत असताना मी त्यांना म्हणाले, "तात्या, आता पंधरा दिवस मी येणार नाही. परीक्षा आहे."

"कुठं?"

मी सांगितलं.

"पेशंट कोन असनार तुला?"

"जो असेल तो. वॉर्डातला कुणीही."

पाय बांधून झाला. मुलगा न्यायला आला तेव्हा त्याच्या खांद्याला धरून उठता उठता तात्या म्हणाले, "डाक्टरला सांग, मी जातो बारामतीला. कातडं लावून घेतो."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी पुस्तकाकडं बघायला लागले. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि तात्यांचा विचार बदलायच्या आत त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मला वाटलं, बरं झालं, पायाचं काम होईल. त्यापलीकडं माझ्या डोक्यात काही आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही पांढऱ्या कडक गणवेशात वॉर्डात रांगेनं गेलो, तर नऊ नंबरच्या खाटेवर तात्या. उशीला टेकून, पाय वर घेऊन, आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून बसलेले. मला बघून त्यांनी हात वर केला. आमच्या मॅडम शेजारीच होत्या. मी दुसरीकडं मान फिरवली. तात्यांना वाटलं मला दिसले नाहीत. ते मोठ्यानं खोकले.

चिठ्ठ्या निघाल्या. मला पाच नंबर आला. नऊ नंबर सुप्याच्या मुलीला.

पाच नंबरला एक निवृत्त मास्तर होते. न्यूमोनियातून बरे होत होते. मी त्यांना नमस्कार करून म्हणाले, "काका, आज माझी परीक्षा आहे. मी तुमचं बीपी बघते आणि थोडी माहिती विचारते."

"वेगळी माहिती कशाला? फायलीत आहे," ते म्हणाले. "आणि बीपी सकाळी झालंय. एकदा केलेलं परत करायचं म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो."

मी बीपीचा पट्टा हातात घेऊन उभी. बरीच विनवणी केल्यावर त्यांनी हात पुढं केला, पण पट्ट्यात हवा भरायला लागले तेव्हा माझी पकड चुकतेय असं सांगायला लागले. मी पट्टा सोडून परत बांधला. तोवर परीक्षक मॅडम नऊ नंबरकडं वळल्या होत्या. माझे हात पाच नंबरवर होते, पण डोळे आणि कान तिकडंच होते.

परीक्षक उंच होत्या, आवाज हळू होता, आणि त्या हळू आवाजामुळंच जास्त भीती वाटायची. त्यांनी सुप्याच्या मुलीला विचारलं, "साइन आणि सिम्प्टममध्ये फरक काय?"

ही मुलगी हे पान झोपेत म्हणू शकत होती. आता मात्र ती ट्रेमधला चिमटा नुसता उचलून परत ठेवत राहिली.

"साइन म्हंजी जे तुमास्नी दिसतं त्ये," तात्यांचा आवाज आला. "सिम्टम म्हंजी जे मी सांगतो त्ये. मेंढराला साइनी असत्यात, सिम्टम नसत्यात."

"आजोबा, मी हिला विचारतेय."

"व्हय. पन ती भ्यालीया. तुमी मला इचारा, तवर ती दम खाईल."

वॉर्डात कुणीतरी हसलं. मला वाटतं माझे मास्तरच. परीक्षकांनी चष्मा काढला. "बरं," त्या म्हणाल्या, "मग शुगर असलेल्या माणसानं पायाची काळजी कशी घ्यायची?"

तात्यांनी बोटं मोजली. पाय रोज बघायचा, तळवा दिसत नसेल तर आरसा ठेवायचा. कोमट पाण्यानं धुवायचा, पाणी आधी हातानं बघायचं. बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. नखं सरळ कापायची. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. एका हाताची बोटं संपली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "अजून बी हायती, पन तिलाबी काय तरी ठिवतो."

या वाक्यानं सुप्याच्या मुलीचं कुलूप उघडलं. तिनं एकदम इंग्रजीत उरलेले सगळे मुद्दे, मग ड्रेसिंगचे सगळे टप्पे, मग इन्सुलिन कुठं कुठं टोचतात ते, परीक्षकांनी हात वर करेपर्यंत सांगितलं.

"आजोबा, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

मी डोळे मिटले.

"त्या काय, पाच नंबरला उभ्या हायती. इंदापूरच्या दवाखान्यात धा महिनं माझी पट्टी त्यांनीच केली. येक दिवस सोडून येक दिवस. कवाच कंटाळा केला न्हाय."

त्यांनी हे अभिमानानं सांगितलं. पोटच्या पोरीचं सांगावं तसं सांगितलं. आणि आमच्या मॅडम हळूहळू माझ्याकडं वळल्या.

परीक्षक माझ्याकडं आल्या. त्यांनी मला न्यूमोनियावर चार प्रश्न विचारले. दोन आले, एक अर्धा आला, एक गेला. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "हिनं तुमची काळजी कशी घेतली?"

"प्रयत्न प्रामाणिक आहे," मास्तर म्हणाले. "अजून वाव आहे."

दुपारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"दहा महिने?"

"हो मॅडम."

"म्हणजे तुझं रक्त कमी नव्हतं."

"नाही मॅडम."

"आणि मी तुला तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊ घातल्या!" त्या उठून उभ्या राहिल्या. हमीपत्राचं त्यांना एवढं लागलं नव्हतं जेवढं गोळ्यांचं लागलं. "तू खाल्ल्यास का त्या?"

"सगळ्या खाल्ल्या."

"का?"

"तुम्ही दर सोमवारी विचारायच्या म्हणून."

त्या परत खाली बसल्या. तोंडावर पदर धरला होता त्यांनी, आणि मला आधी वाटलं की त्या रडतायत. मग खांदे हलले तेव्हा कळलं. पण हसून झाल्यावर त्यांनी मला नीट सुनावलं. सव्वाचारच्या गाडीत झोपणारी मुलगी सहाला कुणाच्या तरी शिरेत सुई घालते, तिच्या हातून एखाद्या दिवशी औषध चुकलं तर? हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. दवाखान्यात एकदा मी एकाच पेशंटचा ताप दोनदा लिहिला होता आणि दुसऱ्याचा लिहायचाच राहिला होता. ते आठवलं आणि मी पहिल्यांदा रडले.

प्राचार्यांपुढं जायचं ठरलं. तुझ्या डॉक्टरांचं पत्र आण, मॅडम म्हणाल्या. मी इंदापूरला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, औषधाच्या चिठ्ठीचाच कागद ओढला आणि पाच ओळी लिहिल्या.

त्या पाच ओळी प्राचार्यांना वाचता येईनात. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, मॅडमना दिला. मॅडम म्हणाल्या, ही तारीख असावी. ती तारीख नव्हती. शेवटी प्राचार्य मला म्हणाल्या, "तूच वाच."

मला काहीही वाचता आलं असतं, आणि त्यांना पडताळून बघायला इंदापूरचा मेडिकलवालाच बोलवावा लागला असता. पण मी जसं होतं तसं वाचलं. "ही मुलगी यापुढं फक्त शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी येईल. परीक्षेच्या महिन्यात येणार नाही. तिला झोपेची गरज आहे, हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. तिचा अभ्यास माझ्या एका पेशंटच्या फार उपयोगी पडला."

"खरंच असंच लिहिलंय?"

"हो मॅडम."

"मग दहा महिन्यांत तू काहीतरी अवघड शिकलीस," प्राचार्य म्हणाल्या आणि त्या कागदावर त्यांनी 'मान्य' असा शेरा मारला. लेखी ताकीद मिळाली, ती फायलीला लागली.

निकाल लागला. मी पास झाले, बेताचीच. सुप्याची मुलगी वर्गात दुसरी आली. पेढे घेऊन ती इंदापूरला आली, तेव्हा नेमके तात्याही दवाखान्यात पाय दाखवायला आले होते. लावलेली कातडी धरली होती. नवी गुलाबी जागा ते येईल त्याला दाखवत होते. सुप्याच्या मुलीनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि पेढा दिला. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तिला विचारलं, "तुला किती पडलं?" तिनं सांगितलं. मग मला विचारलं. मी सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. "हे बरोबर न्हाय झालं," ते तिला म्हणाले. "शिकवलं हिनं, सांगितलं मी, आन् मार्क तुला."

सुप्याची मुलगी लाजून लाल झाली. मी हसून म्हणाले, "राहू द्या तात्या. पाय बरा झाला ना?"

"पायाचं काय, त्यो व्हनारच व्हता." ते नव्या मऊ चपलेत पाय सारत उठले. दाराशी जाऊन थांबले. "दुसऱ्या वर्साला काय असतंय?"

"लहान मुलांचे आजार असतात. बाकीही खूप आहे."

तात्यांनी पटका नीट बसवला.

"नात हाय माझी, दोन वर्साची. रडती लई, पन ऐकून घेती. रविवारी आनतो."